मोजूनमापून भीती

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात अनोका नावाचं छोटं शहर आहे. शंभरएक वर्षांपूर्वी तिथले लोक नोव्हेंबरच्या पहिल्या सकाळी उठले, की हमरस्त्यावर कुणाच्या तरी गाई मोकाट फिरताना दिसायच्या, दुकानांच्या काचांना साबण फासलेला असायचा आणि परसातले संडास आडवे झालेले असायचे. आदल्या रात्री, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या हॅलोवीनला, गावातल्याच पोरांनी केलेला हा उद्योग. १९२० मध्ये गावातल्या पुढारी मंडळींनी यावर जो उपाय काढला, त्यात पोलिसांचं काम नव्हतं. त्यांनी त्या रात्री चक्क मिरवणूक काढली, बँड लावला आणि पोरांना लाह्या, शेंगदाणे, गोळ्या वाटल्या. पोरं मिरवणुकीत गुंतली आणि गाई गोठ्यात राहिल्या. अनोका आज स्वतःला 'जगाची हॅलोवीन राजधानी' म्हणवून घेतं.

हॅलोवीनचा पुढचा सगळा अमेरिकी इतिहास म्हणजे याच युक्तीचा विस्तार आहे. धिंगाण्याला वेसण घालायची, त्याचा कार्यक्रम करायचा आणि जमलं तर तिकीट लावायचं. आज तिथे सप्टेंबर सरता सरता सुरू होणाऱ्या या हंगामात अंगावर करवत घेऊन येणारं भूत आहे आणि शेतावर ताज्या तळलेल्या डोनटचा पुडाही आहे. पाहुण्यांना या दोन टोकांचं नातं पटकन कळत नाही. माझ्या मते दोन्हीकडे विकली जाणारी वस्तू एकच आहे. माणसाला सोसेल आणि मजा वाटेल एवढाच थरार, मोजूनमापून. माप चुकलं की मजा संपली.

या सणाचं मूळ आयर्लंड आणि स्कॉटलंडच्या केल्टिक लोकांकडे जातं. सुगी संपून हिवाळा लागतो त्या सांध्यावर ते साउइन नावाचा सण पाळत. त्या रात्री मेलेल्यांची वाट जिवंतांच्या जगात उघडते, असा समज होता. पुढे चर्चने १ नोव्हेंबर सर्व संतांचा आणि २ नोव्हेंबर मृतांच्या स्मरणाचा दिवस ठरवला आणि संतांच्या दिवसाची पूर्वसंध्या म्हणून ३१ ऑक्टोबरला आजचं नाव मिळालं. गोव्यात आणि वसईत ख्रिस्ती कुटुंबं २ नोव्हेंबरला दफनभूमीत जातात, कबरी झाडून-पुसून घेतात, फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात. म्हणजे हॅलोवीनचं शांत, सोज्वळ भावंड आपल्याकडे कधीपासूनच नांदतं आहे. अमेरिकेत पोचलं ते व्रात्य भावंड. १८४० च्या दशकात बटाट्याचं पीक बुडाल्यावर आयरिश लोक लाखांनी समुद्र ओलांडून आले आणि सोबत मुखवटे, खोड्या आणि कोरलेले दिवे घेऊन आले. मायदेशी हे दिवे सलगमात कोरायचे. सलगम लहान आणि टणक, कोरणाऱ्याचं मनगट भरून येई. अमेरिकेत त्यांना भोपळा सापडला, मोठा नि आतून पोकळ, आणि सलगमाचं काम संपलं.

खोड्या मात्र संपल्या नाहीत. उलट १९३० च्या मंदीत त्यांचं रूप फारच बिघडलं. १९३३ च्या हॅलोवीनला काही शहरांत पोरांनी मोटारी उलथवल्या, टेलिफोनचे खांब करवतीनं कापले. काही ठिकाणी हा सणच बंद करून टाकावा अशी भाषा सुरू झाली. पण बऱ्याच गावांतल्या आईबापांनी अनोकाचीच वाट धरली. पोरांना घरातच घाबरवायचं ठरलं. त्या काळच्या पार्ट्यांच्या पुस्तिकांमधून तळघराची जी तयारी सुचवलेली असे, ती वाचून आजही अंगावर काटा येतो. अंधाऱ्या जिन्याच्या भिंतीला जुनी फर आणि कच्च्या काळजाचे तुकडे लटकवायचे, म्हणजे चाचपडणारा हात नेमका तिथे पडेल. छताला ओले स्पंज आणि केसांच्या जाळ्या टांगायच्या, म्हणजे त्या तोंडावरून फिरतील. शेजारपाजारची चार घरं मिळून हा 'भीतीचा रस्ता' तयार करत आणि पोरं एका तळघरातून दुसऱ्यात जात. आजच्या कोट्यवधी डॉलरच्या धंद्याची एक मोठी मुळी या काळजाच्या तुकड्यांपाशी आहे.

दाराशी येऊन गोळ्या मागणारी मुलंही याच तडजोडीतून आली. खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू, असा हा सौदा. १९३० च्या दशकात तो फैलावला, दुसऱ्या महायुद्धात साखरेचं रेशनिंग आल्यावर अडला आणि युद्धानंतर नव्या उपनगरांमध्ये असा काही रुजला, की खोडी कुठल्या कुठे गेली आणि नुसता खाऊ उरला.

भूतबंगला घराबाहेर पडला तो वर्गणीसाठी. १९७० च्या दशकात जेसीज या तरुणांच्या सेवाभावी संघटनेच्या शाखा गावोगावी रिकामी घरं भाड्यानं घेऊन भूतबंगले उभारत आणि तिकिटाचे पैसे समाजकार्याला देत. त्याच सुमारास मोठ्या खेळाडूंनाही या धंद्याचा वास लागला होता. ९ ऑगस्ट १९६९ ला कॅलिफोर्नियातल्या डिस्नीलँडमध्ये 'हाँटेड मॅन्शन' उघडलं. जवळच बुएना पार्कला नॉट्स बेरी फार्म होतं. बेरीच्या शेतातून आणि रस्त्याकडेच्या दुकानातून वाढत वाढत झालेली ती करमणूक-बाग. १९७३ मध्ये तिनं हॅलोवीनच्या रात्रींचा खेळ सुरू केला आणि आज तो महिनाभराहून जास्त चालतो. युनिव्हर्सल या सिनेमा कंपनीनं फ्लोरिडात १९९१ मध्ये यात उडी घेतली. मग सिनेमाचे मुखवटे, सिनेमाचा मेकअप, सिनेमाचं बजेट, सगळंच आलं आणि जेसीजचे भूतबंगले हळूहळू मागे पडले.

या वाटचालीतला एक दिवस मात्र थांबून सांगायला हवा. ११ मे १९८४. न्यू जर्सीतल्या सिक्स फ्लॅग्ज ग्रेट ॲडव्हेंचर या बागेत 'हाँटेड कॅसल' नावाचा भूतबंगला होता. ट्रकचे ट्रेलर एकमेकांना जोडून केलेला, आत चिंचोळे अंधारे बोळ. त्या संध्याकाळी आत आग लागली. अंधारात वाट दिसावी म्हणून कुणीतरी पेटवलेल्या लायटरची ज्योत भिंतीच्या फोमला लागली, असं चौकशीत पुढे आलं. पाणी फवारणारी यंत्रणा नव्हती. आठ किशोरवयीन मुलं गेली. बाहेर उभ्या असलेल्या काहींना सुरुवातीला धूर हाही खेळाचाच भाग वाटला.

त्यानंतर नियम कडक झाले. आज कायमस्वरूपी भूतबंगल्यात पाण्याचे फवारे सक्तीचे असतात आणि धूर जाणवला की यंत्रणेनं आपोआप दोन गोष्टी करायच्या असतात. बाहेर पडायच्या वाटेवर लख्ख दिवे लावायचे आणि किंचाळ्या, संगीत वगैरे सगळा आवाज बंद करायचा. खोटी भीती क्षणात थांबवता आली पाहिजे, कारण तिच्या गोंगाटात खरी भीती ऐकू येत नाही. भूतबंगल्यात शिरण्याआधी बाहेर पडायच्या वाटांची लाल अक्षरं कुठे आहेत ते पाहून ठेवावं. ती लावलेली असली म्हणून मजा कमी होत नाही.

आत नेमकं काय घडतं? आपण समजतो त्यापेक्षा कितीतरी शिस्तीचं काम आहे ते. सात-आठ जणांचा गट आत सोडतात. बोळ मुद्दाम इतका अरुंद, की एकामागून एक चालावं लागतं. सगळ्यात पुढे चालणारा सावध असतो, म्हणून मुरलेला नट त्याला जाऊ देतो आणि मधल्यावर झडप घालतो. त्याआधी दुसऱ्या बाजूला काहीतरी हललेलं असतं, एखादं दार करकरतं किंवा बाहुलीची मान फिरते. आपण तिकडे बघतो आणि खरा धक्का या बाजूनं येतो. कानाजवळ अचानक मोठा आवाज झाला की सेकंदाच्या विसाव्या भागात पापणी मिटते, मान आखडते, खांदे वर जातात. मेंदूला 'हा नट आहे' हे सांगायला सवडच मिळत नाही. ती एका क्षणानंतर मिळते आणि मग आपण स्वतःलाच हसतो. नटांना शिकवलेली आणखी एक गोष्ट म्हणजे माणसाला पुढच्या दिशेनं घाबरवायचं. मागे पळवलं तर मागचा गट येऊन आदळतो, रांग तुंबते आणि बाहेर तिकीट काढून उभे असलेले वैतागतात. भुतालाही गर्दीचं गणित सांभाळावं लागतं ते असं.

करवत खरी असते, पण तिची साखळी काढलेली असते. उरतो तो इंजिनाचा आवाज आणि पेट्रोलचा वास, आणि तेवढं पुरतं. नॉट्समध्ये 'स्लायडर' नावाची भुतं असतात. गुडघ्यांना आणि हातमोज्यांना धातूच्या टोप्या बांधलेली, धुक्यातून धावत येऊन ती थेट आपल्या पायांशी गुडघ्यांवर घसरतात आणि फरशीवर ठिणग्या उडतात. हे धुकं म्हणजे पाणी आणि ग्लायकॉल तापवून केलेली वाफ. डिस्नीच्या मॅन्शनमध्ये नाचघरातली पारदर्शक भुतं दिसतात ती युक्ती तर लंडनच्या रंगभूमीवरची. १८६२ च्या नाताळात जॉन हेन्री पेपर यांनी ती पहिल्यांदा लोकांना दाखवली. प्रेक्षकांसमोर तिरकी, मोठी काच उभी करायची. ती दिसत नाही, कारण तिच्या पलीकडचं दृश्य दिसत असतं. नजरेआडच्या एका अंधाऱ्या कोनाड्यात नट उभा करून त्याच्यावर प्रकाश टाकला, की त्याचं प्रतिबिंब काचेत उमटतं आणि पलीकडच्या दृश्यात तरंगायला लागतं. दिवा मंद केला की भूत विरघळतं. दीडशे वर्षांहून जुनी ही काच आजही भल्याभल्या डिजिटल पडद्यांना हार जात नाही.

आता मापाकडे येतो. डेन्मार्कमधल्या आर्हूस विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथल्या एका भूतबंगल्यात ११० जणांना हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं लावून आत सोडलं आणि नंतर प्रत्येकाला किती भीती वाटली, किती मजा आली ते विचारलं. २०२० मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. भीती वाढते तशी मजा वाढत जाते, एका टप्प्याला कळस गाठते आणि त्यानंतर भीती आणखी वाढली की मजा झपाट्यानं उतरते. पिट्सबर्गच्या भूतबंगल्यात मार्जी केर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात २६२ प्रौढांना आत जाण्याआधी आणि बाहेर आल्यावर तपासलं. बऱ्याच जणांची मनःस्थिती सुधारली होती, आणि जे आत जाताना थकलेले, कंटाळलेले किंवा ताणात होते त्यांच्यात हा फरक जास्त दिसला. अर्थात ही माणसं स्वतःच्या मर्जीनं, पैसे मोजून गेली होती. भित्र्या मित्राला 'चल रे, काही होत नाही' म्हणून ओढत नेणाऱ्यांनी हा अभ्यास पुरावा म्हणून वापरू नये.

हे मर्जीचं तत्त्व फिलाडेल्फियाच्या ईस्टर्न स्टेट तुरुंगात फार सुंदर राबवलं होतं. १८२९ मध्ये उघडलेला हा तुरुंग कैद्यांना एकांतात ठेवण्याबद्दल जगभर गाजला. चार्ल्स डिकन्स १८४२ मध्ये तो पाहून गेले आणि त्यांनी त्यावर कडक टीका केली. पुढे कुख्यात गुंड अल कपोनही इथे काही महिने राहून गेला. १९७१ मध्ये तुरुंग बंद पडला, इमारत ढासळायला लागली आणि १९९१ पासून तिच्या जतनासाठी पैसे उभे करायला हॅलोवीनचा खेळ सुरू झाला. तिथे दाराशीच विचारायचे, तुम्हाला भुतांनी हात लावलेला चालेल का? 'हो' म्हणणाऱ्याच्या गळ्यात अंधारात चमकणारी माळ. माळ असली की नट धरतील, ओढतील, गटापासून वेगळं करतील. नसली तर बोटही लावणार नाहीत. एकाच बोळातून एकाच वेळी दोन वेगळ्या मापांची भीती वाटता येते, ती एका स्वस्त माळेच्या जोरावर.

मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमबद्दल मात्र माझं मन साशंक आहे. १६९२ मध्ये चेटूक केल्याच्या आरोपावरून तिथे १९ जणांना फासावर दिलं आणि जाइल्स कोरी या म्हाताऱ्याला अंगावर दगड रचून मारलं. त्या खटल्यांत दोषी ठरलेल्यांपैकी एलिझाबेथ जॉन्सन या बाईचं नाव निर्दोष म्हणून अधिकृतपणे नोंदायचं राहूनच गेलं होतं. ते २०२२ मध्ये झालं, तेही शाळकरी मुलांनी वर्गात या प्रकरणाचा पाठपुरावा केला म्हणून. आज हेच गाव ऑक्टोबरभर टोकदार काळ्या टोप्यांनी फुललेलं असतं. १९८२ पासून तिथे 'हाँटेड हॅपनिंग्ज' हा उत्सव भरतो, महिनाभरात लाखो लोक येतात आणि गाडी लावायला जागा मिळणं मुश्कील होतं. (बॉस्टनहून लोकल गाडी पकडावी, अर्ध्या तासाचा प्रवास आहे.) बळी गेलेल्यांत एकही चेटकीण नव्हती, आणि दुकानात विकायला ठेवलेली प्रत्येक बाहुली चेटकीण आहे. जावं, पण आधी जुन्या दफनभूमीला लागून असलेल्या स्मारकाशी थांबावं. तिथे दगडी भिंतीतून बाहेर आलेली बाकं आहेत, प्रत्येक बाकावर एकेक नाव आणि मृत्यूची तारीख.

घाबरण्याचा मूड नसेल तर न्यूयॉर्कच्या उत्तरेला हडसन नदीच्या खोऱ्यात जाणं उत्तम. वॉशिंग्टन आयर्विंग यांनी १८२० मध्ये बिनमुंडक्याच्या घोडेस्वाराची गोष्ट याच भागात घडवली. ती इतकी नावारूपाला आली, की नॉर्थ टॅरीटाउन या गावानं १९९६ मध्ये मतदान घेऊन स्वतःचं नाव बदलून स्लीपी हॉलो केलं. थोडं पुढे क्रोटन-ऑन-हडसनला दर शरदात कोरलेल्या सात हजारांहून अधिक भोपळ्यांची रोषणाई असते. डायनासोर, मधमाश्यांचं पोळं, कोळ्याचं जाळं, सगळं भोपळ्यांतून उभं केलेलं. इथे कुणी अंगावर येत नाही. लहान मूल कडेवर असलं तरी चालतं.

दुपारच्या उन्हात भूल पाडून घ्यायची असेल तर मक्याचा भुलभुलैया आहे. हा प्रकार जुना वाटतो, पण आहे १९९३ चा. पेनसिल्व्हेनियातल्या ॲनव्हिल गावी डॉन फ्रान्ट्झ यांनी एड्रियन फिशर या इंग्रज रचनाकाराकडून डायनासोरच्या आकाराचा भुलभुलैया मक्याच्या शेतात काढून घेतला. तिथून तो देशभर पसरला. शेतकरी यासाठी मका जरा उशिरा पेरतात, म्हणजे ऑक्टोबरात तो अगदीच वाळलेला नसतो. पेरणी आडवी-उभी दोन्हीकडून करतात, म्हणजे ताटांच्या ओळींमधून पलीकडचं दिसत नाही. रोपं गुडघ्याएवढी झाली की जीपीएसच्या मदतीनं वाटा आखून रोपं कापून टाकतात. मग मका डोक्यावर जातो आणि वाट चकवायला लागते. कॅलिफोर्नियातल्या डिक्सन गावच्या भुलभुलैयानं २०१४ मध्ये ६० एकरांचा गिनेस विक्रम केला. तिथे वाट चुकलेल्या काही बहाद्दरांनी चक्क आणीबाणीच्या ९११ क्रमांकावर फोन लावल्याची नोंद आहे. हंगाम संपला की कणसं यंत्रानं काढून बहुतेक वेळा गुरांच्या खाद्यात जातात.

शेतकऱ्याला या सगळ्याची गरज का पडली? छोट्या शेताला नुसत्या मक्यावर किंवा सफरचंदावर भागवणं जड जातं. पाहुणा शेतावर आला की तोच माल तो स्वतः तोडतो, स्वतः गाडीत घालतो, वर तिकीट, डोनट आणि गवताच्या पेंढ्यांवर बसून ट्रॅक्टरची फेरी यांचे पैसेही देतो. आपल्याकडच्या हुरडा पार्ट्यांचं अर्थकारण याहून वेगळं नाही. फरक इतकाच, की तिथे पाहुण्याच्या खिशाची जास्त बारकाईनं पाहणी झालेली आहे. वर्षाच्या कमाईचा मोठा हिस्सा ऑक्टोबरच्या चार-पाच शनिवार-रविवारी येणारी शेतं असतात. पावसानं एक रविवार बुडवला तर मालकाचा चेहरा भूतबंगल्यात ठेवण्याजोगा होतो.

भोपळ्याच्या मळ्यात जाणाऱ्यांना एक गोष्ट सांगायला हवी. तिथला चकचकीत नारिंगी, उभ्या रेघांचा भोपळा कोरण्यासाठी आहे, खाण्यासाठी नाही. मॅसॅच्युसेट्सच्या जॉन हाउडन या शेतकऱ्यानं तयार केलेलं 'हाउडन' हे त्यातलं नामांकित वाण. साल घट्ट, देठ दणकट, गर मात्र पाणचट आणि रेषाळ. त्याचे घारगे करायला जाल तर पीठ मळता मळता रडकुंडीला याल. डब्यातला भोपळा निराळा. इलिनॉय राज्यातल्या मॉर्टन गावाच्या आसपास तो पिकतो, देशातला बहुतेक डबाबंद भोपळा तिथलाच. त्याचं वाण 'डिकिन्सन', रंगानं फिकट तपकिरी, दिसायला अगदी साधं. ज्या जातीचा हा डिकिन्सन, त्याच जातीचा आपल्या बाजारातला लाल भोपळा. त्यामुळे अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरात डब्यातल्या भोपळ्याचे घारगे उत्तम होतात. गर आधीच शिजवून आटवलेला असतो, गूळ विरघळवून त्यात मावेल तेवढी कणीक आणि चमचाभर मोहन घातलं की झालं. पाणी अजिबात नको. कोरलेल्या भोपळ्याच्या बिया मात्र टाकू नयेत. धुऊन, वाळवून, तेल-मीठ-तिखट चोळून भट्टीत भाजल्या की वाटी केव्हा रिकामी होते कळत नाही.

मोठ्या भोपळ्यांचं जग आणखी वेगळं. कॅलिफोर्नियाच्या हाफ मून बेला दर ऑक्टोबरात भोपळ्यांच्या वजनाची स्पर्धा होते आणि भोपळे क्रेननं उचलून काट्यावर ठेवतात. २०२३ मध्ये ट्रॅव्हिस गींजर यांचा भोपळा २,७४९ पौंड भरला, म्हणजे सुमारे १,२४७ किलो. तो त्या वेळचा जागतिक विक्रम होता. हे गृहस्थ राहणारे कुठले, तर मिनेसोटातल्या त्याच अनोकाचे.

खाण्यापिण्यात मी स्वतः सफरचंदाच्या बाजूनं आहे. अमेरिकेत 'सायडर' म्हणजे दारू नव्हे, गाळून नितळ न केलेला सफरचंदाचा रस. शेतावर तो काढताना मिळाला तर जरूर पाहावा. सफरचंदं सालीबियांसकट यंत्रात किसून त्यांचा ओला चोथा करतात. तो जाड कापडात गुंडाळून लाकडी फळ्यांमध्ये थरावर थर रचतात आणि वरून दाब देतात. कडांमधून रस गळायला लागतो तो पांढुरका असतो आणि डोळ्यांदेखत तपकिरी होतो, कारण चिरलेलं सफरचंद हवेवर काळं पडतं तीच क्रिया इथे चाललेली असते. एकाच जातीच्या सफरचंदाचा रस एकसुरी लागतो. आंबट, गोड, तुरट अशी मिसळ करणं हे मालकाचं कसब. १९९६ मध्ये जंतू न मारलेल्या सफरचंदाच्या रसातून ई. कोलायची बाधा होऊन एक बाळ दगावलं आणि बरेच जण आजारी पडले. तेव्हापासून एक तर रस तापवतात किंवा अतिनील किरणांखालून पातळ थरात सोडतात. किरणांचा रस चवीला ताज्याच्या जवळ राहतो. कच्चा रस विकायला असेल तर बाटलीवर तशी सूचना असते आणि तो लहान मुलांना, गरोदर बायकांना देऊ नये.

याच रसाचा डोनट होतो. तो पारंपरिक म्हणून विकला जात असला, तरी डोनट बनवण्याचं यंत्र बाजारात आणणाऱ्या ॲडॉल्फ लेव्हिट यांच्या कंपनीनं तो १९५१ मध्ये आणला. पिठात आटवलेला सायडर घालतात. त्याच्या आंबटपणानं खायचा सोडा फुलतो आणि आतला भाग नरम राहतो. बाहेरून तळणीचा कुरकुरीत पापुद्रा, त्यावर दालचिनी-साखर. गरम असतानाच खावा. संध्याकाळपर्यंत त्याचा साधा केक झालेला असतो. शेतावरच्या तळणीपुढची रांग कितीही लांब असली तरी उभं राहावं, गारठलेला पुडा उचलू नये.

'पम्पकिन स्पाइस'च्या नावानं होणाऱ्या गाजावाजाला मात्र इतकं महत्त्व द्यायचं कारण नाही. दालचिनी, जायफळ, सुंठ, लवंग यांची ही पूड मॅककॉर्मिक कंपनीनं १९३४ मध्ये भोपळ्याच्या पायसाठी बाटलीत भरली. स्टारबक्सनं २००३ मध्ये ती कॉफीत घातली आणि तिचा हंगाम ऑगस्टपर्यंत मागे ओढला. त्या कॉफीत खरा भोपळा आला तो २०१५ मध्ये. मराठी नाकाला तो वास अर्धा पुरणपोळीचा आणि अर्धा सर्दीच्या काढ्याचा येतो.

उरली मुलं आणि त्यांची पोतडी. अमेरिकेतल्या मराठी घरांना या हंगामात दुहेरी धावपळ असते. दिवाळीही याच सुमारास येते, आणि २०२४ मध्ये तर तिथे दोन्ही सण एकाच संध्याकाळी आले. दारात रांगोळी आणि पणती, शेजारी कोरलेला भोपळा, आणि नऊवारी नेसून लक्ष्मीपूजनाला बसलेली मुलगी वरून टोपी चढवून गोळ्या मागायला निघालेली, असा तो प्रकार. दुसऱ्या दिवशी, १ नोव्हेंबरला, न्यूयॉर्क शहरातल्या सरकारी शाळांना पहिल्यांदाच दिवाळीची सुट्टी होती. गोळ्या खाऊन रात्रभर जागलेल्या मुलांनी त्या सुट्टीचं श्रेय कुठल्या सणाला दिलं असेल ते सांगता येत नाही.

शाकाहारी घरांनी पोतडी एकदा उपसून पाहावी. पांढरा-नारिंगी-पिवळा असे तीन पट्टे असलेली 'कँडी कॉर्न' ही मक्याच्या दाण्याच्या आकाराची गोळी १८८० च्या दशकात फिलाडेल्फियात जन्मली असं मानतात. तिच्यात बहुधा जिलेटिन असतं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढलेला पदार्थ. मार्शमेलो आणि बऱ्याच चिवट गोळ्यांचंही तेच. शेंगदाण्यांची वगैरे ॲलर्जी असलेल्या मुलांसाठी २०१४ पासून एक चांगली प्रथा रुजली आहे. ज्या घराबाहेर निळसर-हिरवा रंगवलेला भोपळा ठेवलेला असतो, तिथे खाऊऐवजी स्टिकर, पेन्सिल, छोटी खेळणी मिळतात. अगदी लहानांना मुखवट्यांचीही भीती वाटते. त्यांच्यासाठी प्राणिसंग्रहालयांतले दिवसाचे कार्यक्रम असतात किंवा चर्चच्या आवारात ओळीनं लावलेल्या गाड्यांच्या डिक्कीतून गोळ्या वाटतात. उजेड भरपूर आणि रस्ता ओलांडायची भानगड नाही.

नोव्हेंबर उजाडला की दुकानांत गोळ्यांच्या पिशव्या निम्म्या किमतीला येतात. घरात आधीच उरलेल्या असतात त्यांचं काय करायचं, हा प्रश्न फार आईबापांना पडतो. अमेरिकेतल्या काही दंतवैद्यांनी त्यावर तोडगा काढला आहे. ते मुलांकडून उरलेल्या गोळ्या वजनावर विकत घेतात, साधारण पौंडाला एक डॉलर या भावानं, आणि त्या परदेशी तैनात असलेल्या सैनिकांना पाठवून देतात. सैनिकांचे दात कुणी पाहायचे, ते सैन्याचे डॉक्टर बघून घेतील.